चला, गरवायला काश्मीरला!

मासळी बाजारात सुरमई कुठली आणि हलवा कुठला हे ज्या गृहस्थाला कोळणीला विचारावं लागतं, त्यानं परवा लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "ब्राउन ट्राउट सकाळी जास्त लागतो की संध्याकाळी?" आणि लिफ्टमधल्या एकालाही हा प्रश्न चमत्कारिक वाटला नाही! उलट तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चटकन म्हणाल्या, "ऊन डोक्यावर यायच्या आत टाका. दुपारी वारा सुटतो." सुकटीच्या वासावरून शेजाऱ्यांशी वर्षभर अबोला धरणाऱ्या वहिनी, बरं का. आता बोला!

हे चाललंय तरी काय? लोकांच्या डोक्यावर परिणाम झालाय का? की महानगरपालिकेच्या पाण्यातूनच काही सोडतात?

आपली सहल कशी असायची? मे महिना, महाबळेश्वर, वेण्णा लेकवर अर्धा तास होडी, मक्याचं कणीस, संपला विषय. पुढे चार पैसे आले तसं कुलू-मनाली आलं, बसमधल्या अंताक्षऱ्या आल्या, मग स्वित्झर्लंडच्या बर्फात उभं राहून ठेचा-भाकरी खाणं आलं. तेही आपण निमूटपणे सहन केलं. पण मासा पकडायला म्हणून बारा हजार फूट चढून जायचं, हे कुणाच्या बापजाद्यांच्या स्वप्नात तरी आलं होतं का? कोकणातल्या माणसाला गरवायचं असलं की तो लेंगा खोचून खाडीवर जातो. पहिल्या पावसात वळगण लागली की मासे ओढ्यातून शेतात चढतात आणि निम्मं गाव बॅटऱ्या घेऊन रात्री चिखलात उतरतं. (ते मासे अंडी घालायला चढत असतात, तेव्हा तेही फारसं पुण्याचं काम नाही, पण तो भांडणाचा विषय वेगळा.) सांगायचं एवढंच, की मासा आणि माणूस यांच्यामध्ये आजवर चिखल होता, डास होते, फार तर सासुरवाडी होती. विमान नव्हतं.

आणि जागा तरी कुठली? काश्मीरचे तलाव! विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, नंदकोल, गंगाबल! नावं कशी पाढे म्हटल्यासारखी येतात एकेकाच्या तोंडी. पानशेतचं धरण कुठल्या नदीवर आणि वरसगावचं कुठल्या, हे या मंडळींना विचारा बरं. (आंबी आणि मोसे. आपणही आत्ताच बघितलं.) पण हरमुख शिखराच्या पायथ्याशी गंगाबलमध्ये ओढा कुठल्या बाजूनं येऊन मिळतो, हे तोंडपाठ. का, तर तलावातला ट्राउट वाहत्या पाण्याच्या तोंडाशी तोंड करून उभा असतो, खाणं आयतं वाहत येतं म्हणून. सोनमर्गहून निघायचं, आठवडाभर चालायचं, सत्तरेक किलोमीटरची तंगडतोड करून नारानागला उतरायचं. वाटेतल्या खिंडी चार हजार मीटरच्या वर. विशनसरच मुळी ३,७०० मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई किती? १,६४६. म्हणजे एका कळसूबाईच्या डोक्यावर दुसरं कळसूबाई ठेवलं, तरी वर चारशे मीटर चढायचे उरतात. आणि हे सगळं चढून जाणार कोण? ज्यांच्या सोसायटीत लिफ्ट एक दिवस बंद पडली तर सेक्रेटरीला शिव्या बसतात, तेच.

पण वेड हे आजचं नाही, हेही मान्य करायला हवं. तो ट्राउट तरी काश्मीरचा कुठे आहे? तो गोऱ्या साहेबांचा पाहुणा. त्यांना इथं सगळं होतं. नोकरचाकर होते, शिकार होती, हाऊसबोट होती, फक्त घरच्या नदीतला मासा नव्हता. मग काय, मागवा अंडी! १८९९ मध्ये बर्फात घालून आणलेली पहिली खेप वाटेतच मेली. शहाण्या माणसानं तिथं नाद सोडला असता. पण श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल नावाचे एक साहेब होते, त्यांनी इरेला पेटून १९०० मध्ये स्कॉटलंडहून पुन्हा अंडी आणवली, जगवली, हारवनला पिल्लं वाढवली आणि काश्मीरच्या ओढ्यांमधून सोडून दिली. गालिचे राहिले बाजूला! धंदा सोडून माशाच्या मागे लागलेल्या तमाम मराठी नवऱ्यांचे हे मिचेलसाहेब आद्यपुरुष मानायला हरकत नाही. त्यांच्याही आधी, १८७३ मध्ये, मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस या सनदी अधिकाऱ्यानं 'द रॉड इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक लिहून आपला महसीर सॅमन माशाला भारी पडतो असं ठासून सांगितलं होतं. सरकारी नोकरी करता करता एवढं लिहायला वेळ कसा मिळाला, असं कृपया विचारू नका; ऑफिसच्या लॅपटॉपवर आज काय काय उघडं असतं ते आपण बघतोच आहोत.

घरात विरोध झालाच, तर त्यावरही तोड निघाली आहे. "इंग्रजांचं खूळ" म्हणून सासरेबुवांनी नाक मुरडलं, की जावई 'मानसोल्लास' काढतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर, बारावं शतक, ग्रंथ संस्कृत! आणि त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचं अख्खं प्रकरण. कुठल्या माशाला काय खायला घालावं, त्याला गळाला कसं लावावं, सगळं. झालं! गळ टाकणं ही आता आपली प्राचीन परंपरा ठरली. परवापर्यंत जे सासरे "हिंसा, हिंसा" म्हणत होते, ते काल शेंगदाण्याच्या पेंडीत हिंग किती घालावा यावर मत देत होते.

खरी मौज पुढे आहे. काश्मीरच्या खिंडीतलं बर्फ हटतं साधारण जुलैत. सप्टेंबर सरत आला की पुन्हा थंडी दात दाखवायला लागते. म्हणजे जायचं कधी? याच अडीच महिन्यांत. आणि आपल्याकडे याच अडीच महिन्यांत काय असतं? भिंतीवरचं कालनिर्णय काढा. आषाढ संपतो गटारीनं, लगेच श्रावण, श्रावण संपतो न संपतो तोच गणपती, गौरी, मग पितृपक्ष, मग घट. काश्मीरच्या हिमालयानं आणि आपल्या पंचांगानं मिळून मराठी माणसाविरुद्ध रचलेला हा कट नव्हे तर काय? वर्षभर मासे खाणारा माणूस नेमका जेव्हा मासा सोडतो, तेव्हाच मासा मोकळा! आणि अधिक महिना आला की सगळं आणखी पुढे सरकतं ते वेगळंच.

या पेचावर घराघरांतून काय काय परिषदा झाल्या असतील, कल्पना करा. मासा गळाला लागला पण पोटात गेला नाही, तर श्रावण मोडला का? श्रावणी सोमवारी नुसता गळ टाकला आणि मासा लागलाच नाही, तर त्याला उपास म्हणायचं का? आमिष पिठाचं असेल तर ते उपासाच्या पिठाचं असावं का? एका घरातून हा प्रश्न थेट गुरुजींपर्यंत गेला. गुरुजींनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "स्पिनिंग रॉड आहे की फ्लाय?" म्हणजे बघा, कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची?

तोडगा निघाला तो पकडा-आणि-सोडा पंथाचा. मासा पकडायचा, त्याचं कौतुक करायचं, फोटो काढायचा आणि पाण्यात परत. गळाला उलटा काटा असतो ना, तो पकडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ अलगद सुटतो. माशाला हात लावायच्या आधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग त्याला रोग जडतात. फार वेळ पाण्याबाहेर धरायचा नाही. सगळं शास्त्रशुद्ध, आणि खरं सांगायचं तर योग्यच. पण जो माणूस जेवल्यावर स्वतःचं ताट मोरीत नेऊन ठेवत नाही, तो माशासाठी आधी हात ओले करणार, हे त्याच्या बायकोनं कसं ऐकून घ्यावं?

आणि मालवणच्या आजीनं तर त्याहून कसं ऐकून घ्यावं? नातवानं तिला मोठ्या हौसेनं सगळा बेत सांगितला. तिकिटं, तंबू, खेचरं, परमिट. आजी ऐकत होती. शेवटी त्यानं सांगितलं की मासा सोडून द्यायचा. आजीनं सुपारीचा तुकडा गालात सरकवला. "पकडून सोडूचो आसा, तर काश्मीराक कित्याक जातस? आपल्या व्हाळात मासे काय कमी आसत? आणि घराक काय हाडतलस, फोटो?" नातू निरुत्तर. दुसऱ्या दिवशी आजीनं त्याला हळूच बोलावून विचारलं म्हणे, की त्या माशाक कांटे किती आणि कालवण बरा लागता की तळलेलो. घ्या! आजीसुद्धा गेली.

पण फ्लायवाल्यांसमोर हे सगळे बापडेच. ट्राउटला गांडूळ घालणारे वेगळे, चमकता पत्रा फिरवणारे स्पूनवाले वेगळे आणि फ्लायवाले वेगळे; रोटीबेटी व्यवहार बंद. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरे गळाला बांधून केलेला खोटा किडा. विकत मिळतो. पण विकतचा घेईल तो मराठी कसला? बांधायचा घरीच! रात्री जेवणं आटोपली की डायनिंग टेबलावर छोटा शिकंजा बसतो. त्यात नखाएवढा गळ आवळलेला. डोळ्यावर वाचायचा चष्मा, त्यावर भिंग. गळाच्या दांड्यावर रेशमाचा दोरा गुंडाळायचा, त्यावर मोरपिसाचा एकेक तंतू फिरवत जायचं, की हिरवट, सोनेरी, केसाळ अंग तयार होतं. मधे मधे चकाकी हवी, म्हणून जर. शेवटी डोक्याची गाठ सुटू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब. जिभेचं टोक बाहेर, श्वास रोखलेला. एवढं मन लावून या माणसानं कधी मुलाची वही तपासली होती का?

आता हा मोरपिसाचा तंतू कुठून आला? देवघरातल्या बाळकृष्णाला विचारा, बिचारा बोडका बसलाय. जर कुठून आली? सासूबाईंच्या जुन्या पैठणीचा काठ बघा. नेलपॉलिश कुणाची ते सांगायलाच नको. ती लाल आहे म्हणून तक्रार नाही, "ट्राउटला काळी जास्त आवडते, काळी आण" म्हणून तक्रार आहे! गळ्यातली सोडून घरातली प्रत्येक वस्तू त्या माशाच्या नावानं चालली आहे. गळ्यातलीही जाईल; रीलच्या किमती बघितल्यात का? त्या पैशात भाऊच्या धक्क्यावरून वर्षभर पापलेट घरपोच येतील, असं कुणी म्हटलं की समोरून तुच्छतेचा एक कटाक्ष येतो. त्यांना काय सांगायचं, यांना अजून पापलेट दिसतंय!

बांधून झालं की सराव. फ्लाय रॉड हवेत मागेपुढे झुलवायचा, घड्याळाच्या दहा आणि दोनच्या मध्येच, ना जास्त ना कमी. काश्मीरला जाऊन हात दुखवून घेण्यापेक्षा सोसायटीच्या गच्चीवर केलेलं काय वाईट? एक फ्लाय वाळत घातलेल्या साडीत, एक डिश अँटेनात, एक वॉचमनच्या टोपीत. सेक्रेटरीसाहेबांनी नोटीस लावली, "गच्चीवर गळ टाकण्यास सक्त मनाई आहे." नोटीस लावलेली सगळ्यांनी बघितली. पहाटे साडेपाचला सेक्रेटरीसाहेब स्वतः गच्चीवर दहा आणि दोन करताना मात्र फक्त दूधवाल्यानं बघितलं, म्हणून ते सगळ्यांना कळलं.

रविवारी मग खरं पाणी. पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा. सह्याद्रीतली धरणं काही फक्त तंबूवाल्यांसाठी नाहीत. तिथं ट्राउट कुठून असणार, त्याला थंडगार पाणी लागतं. पण कटला आहे, रोहू आहे, मरळ आहे, चिलापी तर पायलीला पन्नास. आणि नशीब फळफळलं तर दख्खनी महसीर. हा एक खानदानी मासा. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून ठिकठिकाणी सोडली, म्हणून तो आज बरा टिकून आहे. वाडा तालुक्यात तिळशाला वैतरणेवर आणि महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीत हाच मासा देवाचा आहे. लोक चुरमुरे टाकतात, हाताएवढाले मासे पायाशी येतात, पण पकडायची कुणाची छाती होत नाही. आमच्या एका मंडळीनं वाळणकोंडीला जाऊन नुसतं बघून यायचं ठरवलं. बघितलं. परत येताना गाडीत कुणी बोलेना. प्रत्येकाच्या मनात काय चाललं होतं ते तिथल्या देवीला बरोबर कळलं असणार.

पवनेच्या काठावर आता रविवारी पहाटे जत्रा असते. खाकी टोप्या, खाकी जाकिटं, छत्तीस खिसे. ट्राउटला वरचं दिसतं, आपली सावली पडली की पळतो, म्हणून भडक कपडे घालायचे नाहीत आणि पाण्याकडे वाकून जायचं, हा नियम. चिलापीला त्याचं सोयरसुतक नाही, पण सराव तो सराव! त्यामुळे एरवी मीटिंगमध्ये ताठ बसणारे मोठमोठे मॅनेजर ओल्या गवतातून रांगत पाण्याकडे निघालेले दिसतात. काठावरचे मामा हे सगळं शांतपणे बघतात. मामांकडे श्रीखंडाचा रिकामा डबा असतो, त्यात ओली माती, मातीत गांडुळं. झाकणावर क्यूआर कोड चिकटवलेला. पूर्वी मामा स्वतः तंगूस काठीला गुंडाळून मासे धरायचे. आता धरत नाहीत. "त्यात काय राहिलं नाय साहेब, गांडुळात आहे."

धरणाच्या पाण्याचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि तिथं गळ टाकायला त्यांना विचारावं लागतं, एवढं मात्र या छत्तीस खिशांत कुणाच्याच लक्षात राहत नाही. आणि गुंतलेला तंगूस कापून तिथंच टाकून येणारे जे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल चेष्टेनं बोलण्यासारखं काही नाही. तो नायलॉन बगळ्याच्या पायात अडकतो आणि बगळा मरतो. असल्यांना आठवडाभर त्याच तंगूसनं पवनेच्या काठी बांधून ठेवावं.

असो. बेताकडे वळू, कारण सगळं सुख बेतातच आहे. बेताचा ग्रुप असतो. ग्रुपमधून भांडून निघालेल्यांचा दुसरा ग्रुप असतो. दोन्हीत असलेले निवृत्त बँकवाले काका असतात, त्यांच्याकडे एक्सेल असतं. काय नाही त्या एक्सेलमध्ये? रॉडची लांबी, तंगूसची ताकद पौंडात, सूर्योदय, चंद्राची कला, माणशी किती थालीपीठं, कुणाला गुडघा, कुणाला ॲसिडिटी, कुणाचा पगार कधी होतो. उंचीवर डोकं दुखतं म्हणून डायमॉक्सचा रकाना. त्यापुढे "डॉक्टरांना विचारलं का?" असा लाल रकाना, आणि तो सगळीकडे कोरा. काका कर्जाची प्रकरणं तपासायचे त्याच कडकपणे आता प्रत्येकाला फोन करतात, "तुमचा रेनकोटचा पुरावा आला नाही अजून." सिंहगडाच्या पायऱ्या पाठीवर वजन घेऊन चढल्याचा फोटो ग्रुपवर टाकल्याशिवाय नाव पक्कं होत नाही. वजन म्हणून काय? पाच किलो आट्याच्या पिशव्या. वर जाऊन एकानं त्या आट्याची भाकरी करता येते का असं पिठलंवाल्या मावशींना विचारलं, तेव्हा त्यांनी "गव्हाची? भाकरी?" एवढंच म्हणून त्याच्याकडे जे बघितलं, ते त्याला जन्मभर पुरेल.

परमिटच्या बाबतीत मात्र काकांना मानायला हवं. काश्मीरमध्ये ट्राउटला हात लावायचा तर मत्स्य विभागाचं परमिट लागतं, ओढ्यांचे तर बीट पाडलेले असतात, ज्या बीटचं परमिट त्याच बीटवर उभं राहायचं. थंडीत मासा अंडी घालतो तेव्हा सगळं बंद. आयुष्यभर नियमावलीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय ऐकायला मिळणार? काकांनी अर्जाच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात. मासा लागो न लागो, अर्ज मंजूर झाला की काका धन्य.

मग सामान. रॉड विमानात न्यायचा कसा? त्याच्या खास नळ्या मिळतात, महाग. आपण काय करतो? रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन चार इंची पीव्हीसी पाइप कापून आणतो, दोन्ही टोकांना टोपणं. विमानतळावरचा जवान तो पाइप बघतो, माणूस बघतो, पुन्हा पाइप बघतो. "क्या है ये?" "फिशिंग रॉड." "कहाँ?" "पहाड़ पे." जवानाच्या चेहऱ्यावरचे भाव वर्णन करण्यासारखे असतात. गळ हातातल्या पिशवीत चालत नाहीत, सामानात टाकावे लागतात. पॉवर बँक सामानात चालत नाही, हातात ठेवावी लागते. आणि वहिनींनी दिलेली लोणच्याची बरणी हातात चालत नाही, हे दरवेळी तिथंच कळतं.

या धर्मांतरातून सुटलंय कोण, ते तरी सांगा! एक माळकरी अण्णा आहेत. तुळशीची माळ, आषाढीला वारी, कांदा-लसूण वर्ज्य. ते "फक्त बघायला" म्हणून पवनेला गेले. आता ते "फक्त धरायला" म्हणून येतात. कुणाला लघवीला जायचं असलं की रॉड अण्णांच्या हातात. अण्णांच्या हाताला गुण आहे. मासा त्यांच्याच पाळीत लागतो, आणि मग अण्णा डोळे गच्च मिटून "घ्या हो, घ्या कुणीतरी, विठ्ठल विठ्ठल" म्हणत रील मात्र इतक्या सफाईनं गुंडाळतात, की बघत राहावं.

दुसरे एक गणेशभक्त. त्यांचा काश्मीरला विरोध. त्यांचं म्हणणं उत्तरकाशीजवळच्या दोडीतालला जाऊ. तिथंही ट्राउट आहेत, तळंही तीन हजार मीटरच्या वर. शिवाय गणपतीचा जन्म तिथलाच अशी तिकडची श्रद्धा, काठावर देऊळ आहे. एका दगडात दोन पक्षी! यावर बैठकीत स्मशानशांतता पसरली. बाप्पाच्या माहेरच्या तळ्यात गळ टाकायचा? आणि ऐन भाद्रपदात? शेवटी वहिनींनीच निकाल दिला, "दर्शनाला जाऊ. रॉड बरोबर असू दे, पण उघडायचा नाही." सगळ्यांनी मान डोलावली. रॉड उघडला जाणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक बाप्पालाही.

गेल्या साली गेलेली एक तुकडी परत आली आहे. काय पकडलं, ते मात्र अजून नीट कळत नाही. फोटोत मासा आहे खरा, पण हात कोपरापासून ताणून कॅमेऱ्याच्या नाकाशी धरलेला, त्यामुळे मासा मोठा आणि माणूस मागे लहानसा. एका फोटोत दिसणारा मासा दुसऱ्याच्याही फोटोत आहे, ठिपके मोजून बघा. आल्या आल्या तो वीतभर होता. दिवाळीच्या फराळाला हातभर झाला. संक्रांतीपर्यंत तो सुटला होता, कारण धरून ठेवता येईना इतका मोठा होता. उरलेला वेळ पाऊस पडला, तंबू गळला, दोघांचं डोकं धरलं आणि खेचरवाल्याच्या पोरानं साध्या दोऱ्यानं पकडलेला ट्राउट त्यानंच भाजून सगळ्यांना खायला घातला. कुठला महिना होता, हे घरी अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि एवढं होऊनही यंदाची यादी मागच्यापेक्षा लांब आहे! याला काय म्हणायचं? निव्वळ खूळ. शुद्ध वेड. उद्योग नाहीत लोकांना.

तुम्ही कशाला हसताय? काकांच्या एक्सेलमध्ये तुमचं नाव आहे, सतराव्या ओळीत. रेनकोटचा पुरावा तेवढा शुक्रवारपर्यंत पाठवा, आणि नेलपॉलिश आणाल ती काळीच आणा.